लाल फेट्याचा तुकडा

सातारा जिल्ह्यातील कऱ्हाड ही कृष्णा आणि कोयना या दोन नद्यांच्या संगमावर वसलेली जुनी नगरी आहे. तिच्यापासून थोड्याच अंतरावर गोळेश्वर नावाचे गाव आहे. १५ जानेवारी १९२६ रोजी खाशाबा दादासाहेब जाधव यांचा जन्म या गावी झाला. १९५२ साली फिनलंड देशाची राजधानी हेलसिंकी येथे ऑलिंपिक सामने भरले होते. त्या सामन्यांत कुस्तीचे कांस्यपदक जिंकून खाशाबांनी स्वतंत्र भारताला पहिले वैयक्तिक पदक मिळवून दिले. त्यांचा जन्मदिवस आता महाराष्ट्रात राज्य क्रीडा दिन म्हणून साजरा होतो.

याच तालुक्यातील एका गावच्या शाळेत क्रीडा दिनाची तयारी चालली होती. बक्षिसे ज्या मेजावर मांडावयाची, त्या मेजावर विकतची चादर न घालता मुलांनी स्वतः शिवलेली एक सुंदर मेजपट्टी घालावी, असे शिवणाच्या बाईंनी सुचविले. पट्टीवर निरनिराळ्या खेळांची चित्रे असावीत. पण ती रंगाने काढलेली नसावीत, तर कापडाचे तुकडे जोडून तयार केलेली असावीत, असे ठरले. हे काम सातवीतील एका मुलीने आनंदाने पत्करले. तिची आजी वाकळा शिवण्यात साऱ्या गावात नावाजलेली होती.

जुन्या लुगड्यांचे व धोतरांचे थर एकावर एक घालून, वर रंगीबेरंगी तुकडे जोडून आणि सर्वांगावर धावदोरा घालून जे पांघरूण तयार होते, त्याला कोणी गोधडी म्हणतात, तर सातारा, सांगली, कोल्हापूर या भागांत वाकळ म्हणतात. कर्नाटकात त्याला कौदी हे नाव आहे. बंगालमधील कांथा हीही या वाकळेचीच बहीण होय. जुन्या साड्यांच्या काठांतील रंगीत धागे उसवून काढावयाचे आणि त्याच धाग्यांनी कांथ्यावर पाने, फुले, पक्षी भरावयाचे, अशी तिकडील स्त्रियांची रीत होती. देश वेगळा, भाषा वेगळी. परंतु जुनेर टाकून न देता त्याला नवे आयुष्य द्यावे, ही बुद्धी सर्वत्र एकच आहे.

मार्गशीर्षातील एका दुपारी आजीने माळ्यावरचे गाठोडे खाली काढले. त्यात इरकली लुगड्याचे काठ होते, खणांच्या चोळ्यांचे उरलेले कोपरे होते, धोतराचे मऊ पांढरे पदर होते. सर्वांच्या तळाशी एका पंचात गुंडाळलेला लाल कापडाचा एक तुकडा होता. तो उलगडताना आजीचे हात जरा थबकले.

“आजी, हे कशाचे कापड ग?” नातीने विचारले.

“तुझ्या आजोबांच्या फेट्याचे. यात्रेतल्या मोठ्या कुस्तीत ते जिंकले, तेव्हा गावाने त्यांच्या डोक्याला हा फेटा बांधला होता. पुढे त्याची झोळी करून तुझ्या बापाला मी त्यात जोजवले. झोळी फाटली, तेव्हा तिचे दुपटे केले. आता एवढाच उरला आहे. कुस्तीचे चित्र काढायचे आहे ना? मग आखाड्याच्या तांबड्या मातीला याहून चांगले कापड मिळायचे नाही.”

तो तुकडा ४८ सेंटिमीटर लांब आणि ३४ सेंटिमीटर रुंद होता. मुलीने तो जपून घडी करून बाजूला ठेवला.

प्रथम तिने कागदावर आराखडा काढला. शाळेचे मेज दीड मीटर लांबीचे होते. म्हणून मेजपट्टी १५० सेंटिमीटर लांब आणि ४० सेंटिमीटर रुंद करावयाची होती. तिच्यात चार खेळांचे चार चौकोन घ्यावयाचे. प्रत्येक चौकोन ३० सेंटिमीटरचा. चौकोनांच्या मधे आणि दोन्ही टोकांना मिळून ६ सेंटिमीटर रुंदीच्या पाच उभ्या पट्ट्या. चार चौकोनांचे १२० आणि पाच पट्ट्यांचे ३०, अशी लांबी बरोबर १५० भरली. वरच्या व खालच्या कडेला ५ सेंटिमीटर रुंदीची एकेक लांब पट्टी जोडली की रुंदीही ४० होणार होती.

खेळ कोणते घ्यावेत, याचा विचार वर्गातील सर्व मुलांनी मिळून केला. पहिला मान अर्थातच कुस्तीचा. दुसरा चौकोन धावण्याच्या शर्यतीचा ठरला. कारण माण तालुक्यातील मोही या दुष्काळी गावची ललिता बाबर २०१६ साली रिओ येथील ऑलिंपिकमध्ये ३००० मीटरच्या अडथळ्यांच्या शर्यतीत अंतिम फेरीपर्यंत पोहोचली आणि दहावी आली. तिसरा चौकोन धनुर्विद्येचा. साताऱ्याची अदिती स्वामी २०२३ साली बर्लिन येथे, वयाच्या अवघ्या सतराव्या वर्षी, धनुर्विद्येत जगज्जेती ठरली होती. चौथा चौकोन खो-खोचा. हा महाराष्ट्राच्या मातीतील खेळ. पुण्याच्या डेक्कन जिमखान्यात १९१४ साली त्याचे नियम बांधले गेले आणि २०२५ साली दिल्ली येथे झालेल्या पहिल्या विश्वचषकात भारताचे पुरुष व महिला असे दोन्ही संघ विजयी झाले.

“आणि क्रिकेट?” एका मुलाने विचारले. त्याचे आजोळ सांगलीचे होते. भारताने आपला पहिला कसोटी विजय १९५२ सालीच मद्रास येथे मिळविला आणि त्या संघाचे कर्णधार विजय हजारे हे सांगलीत जन्मलेले होते, हे त्याला ठाऊक होते. चौकोन तर चारच होते. शेवटी मधल्या उभ्या पट्टीवर एक लहानसा लाल चेंडू लावावा, असा तोडगा निघाला.

दुसऱ्या दिवशी आजी शेतावर गेली असता मुलीला धीर धरवेना. तिने लाल तुकडा जमिनीवर पसरला, खडूने ३० सेंटिमीटरचा चौकोन आखला आणि कात्री चालविली. चौकोन सुरेख कापला गेला. तिला मोठा अभिमान वाटला.

संध्याकाळी आजीने तो चौकोन हातात घेतला, त्यावर वीत ठेवून पाहिली आणि विचारले, “शिवणीला जागा कुठे सोडलीस?”

मुलगी गोंधळली. आजीने दोन चिंध्या घेतल्या, एकीवर दुसरी ठेवली आणि कडेपासून बोटभर आत धावदोरा घातला. मग त्या उलगडून तिच्यापुढे धरल्या. कडेपासून शिवणीपर्यंतचे कापड मागच्या बाजूला दडले होते. जोडण्यापूर्वी दोन्ही चिंध्यांची मिळून जेवढी रुंदी होती, तेवढी ती आता राहिली नव्हती.

मुलीने पाटीवर हिशेब मांडला. प्रत्येक कडेला शिवणीत १ सेंटिमीटर जाणार, म्हणजे एका जोडाला २ सेंटिमीटर. चार चौकोन व पाच पट्ट्या असे नऊ तुकडे. त्यांचे जोड आठ. म्हणजे १६ सेंटिमीटर गेले. दोन्ही टोकांच्या दुमडीत आणखी २ गेले. एकूण १८. साऱ्या तुकड्यांना शिवणीची जागा न सोडता कापले असते, तर १५० सेंटिमीटरची मेजपट्टी १३२ सेंटिमीटरचीच झाली असती. चौकोन ३० चा हवा असेल, तर तो ३२ चा कापावयास हवा होता; पट्टी ६ ची हवी असेल, तर ८ ची.

बाकीच्या कापडांची चिंता नव्हती. परंतु फेट्याचा उरलेला भाग केवळ १८ सेंटिमीटरचा होता. त्यातून दुसरा चौकोन निघणे शक्य नव्हते. मुलीचे डोळे भरून आले. आजोबांची आठवण म्हणून इतकी वर्षे जपलेले कापड आपल्या एका क्षणाच्या घाईने वाया गेले, असे तिला वाटले.

आजी रागावली नाही. ती इतकेच म्हणाली, “कात्री पुढे जाते, मागे येत नाही. म्हणून तिच्या आधी डोळा जावा, मग बोट जावे, मग खडू जावा, आणि सर्वांच्या शेवटी कात्री जावी. आता रडू नकोस. वाकळेच्या घरात वाया काही जात नाही. उद्या सकाळी काय करता येईल ते पाहू.”

त्या रात्री मुलीला लवकर झोप लागली नाही. शाळेत ऐकलेली खाशाबांची हकीकत तिला आठवत होती. १९४८ साली लंडनच्या ऑलिंपिकला खाशाबा गेले, तेव्हा त्यांचा सारा सराव तांबड्या मातीवरचा होता. तेथे गादीवर आणि परक्या नियमांनी कुस्ती खेळावी लागली. त्यांचा सहावा क्रमांक आला. पदक मिळाले नाही म्हणून ते खचले नाहीत. पुढील चार वर्षे त्यांनी कसून तयारी केली. हेलसिंकीला जाण्यासाठी पैसे नव्हते. तेव्हा गावकऱ्यांनी वर्गणी गोळा केली आणि कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपले घर गहाण टाकून सात हजार रुपये उभे केले. अशा कितीतरी हातांनी दिलेल्या लहानमोठ्या मदतीवर ते पदक उभे होते. पदक घेऊन खाशाबा परतले, तेव्हा शंभराहून अधिक बैलगाड्यांची मिरवणूक निघाली. आणि पुढे कुस्त्या करून त्यांनी प्राचार्यांचे ऋण फेडले. लंडनचा सहावा क्रमांक वाया गेला नव्हता. गादीवरची कुस्ती कशी असते, हे त्यानेच त्यांना शिकविले होते.

सकाळी मुलगी उठली ती एक कल्पना घेऊनच. “आजी, आजच्या आंतरराष्ट्रीय कुस्तीत गादीवर ९ मीटर व्यासाचे वर्तुळ आखलेले असते. पैलवानांनी त्या वर्तुळात खेळायचे. मग आपणही आखाडा गोल केला तर? तीस सेंटिमीटरच्या चौकोनातून २८ चे वर्तुळ सहज निघेल. एकेक सेंटिमीटर कड आत दुमडली की २६ चे राहील. ते पांढऱ्या मांजरपाटाच्या ३२ च्या चौकोनावर मधोमध शिवू.”

आजीच्या सुरकुतलेल्या चेहऱ्यावर हसू उमटले. “अग, मीही तेच सांगणार होते, पण तुझे तुला सुचले, हे फार बरे झाले.”

त्या दिवसापासून आजीच्या देखरेखीखाली काम नीट सुरू झाले. नवे मांजरपाट प्रथम रात्रभर पाण्यात भिजवून वाळविले. कोरे सुती कापड पहिल्या धुण्यात आटते. न भिजवता शिवले तर नंतर ते आक्रसते आणि शेजारच्या जुन्या कापडाला चुण्या पडतात. रंगीत तुकडे एकेक करून ओल्या पांढऱ्या फडक्यावर दाबून पाहिले. ज्याचा रंग फडक्याला लागला, तो पुन्हा पुन्हा धुऊन घेतला. मग सर्व कापडांना इस्त्री केली. कारण चुणीसकट मोजलेले माप कधीही खरे नसते.

सरळ कसे कापावे, याचीही आजीजवळ एक युक्ती होती. तिने मांजरपाटाच्या कडेचा एक धागा सुईने उचलला आणि हळूहळू ओढून काढला. कापडावर एक बारीक सरळ रेघ उमटली. “पट्टीने आखलेली रेघ चुकेल, पण मागाने घातलेली रेघ चुकणार नाही,” असे म्हणून तिने त्या रेघेवरून कात्री चालविली. कापडात उभे धागे असतात, त्यांना ताणा म्हणतात; आडवे असतात, त्यांना बाणा म्हणतात. तुकड्याच्या कडा या धाग्यांशी समांतर असल्या, म्हणजे तुकडा आपला आकार सोडीत नाही.

धावण्याचा चौकोन पट्ट्यांचा होता. सहा पट्ट्या, प्रत्येकी ५ सेंटिमीटरची. म्हणून ७ सेंटिमीटर रुंद आणि ३२ सेंटिमीटर लांब कापावयाच्या. सहा पट्ट्यांची रुंदी ४२ झाली. पाच जोडांत १० गेली आणि बरोबर ३२ चा चौकोन तयार झाला. हिशेब जुळलेला पाहून मुलीला गणिताच्या तासाला कधी वाटला नव्हता एवढा आनंद झाला.

धनुर्विद्येच्या लक्ष्यासाठी पाच वर्तुळे हवी होती. स्पर्धेतील पूर्ण लक्ष्यफलकावर बाहेरून आत पांढरा, काळा, निळा, लाल आणि पिवळा असे पाच रंग असतात व सर्व वलयांची रुंदी सारखी असते. म्हणून तयार वर्तुळांचे व्यास २५, २०, १५, १० आणि ५ सेंटिमीटर धरले. कड दुमडण्यासाठी प्रत्येकात २ मिळविले. तेव्हा २७, २२, १७, १२ आणि ७ सेंटिमीटर व्यासाची वर्तुळे कापावी लागली. वाकळेवर वर्तुळ आखताना आजी ताटली किंवा वाटी पालथी घाली. परंतु येथे माप नेमके हवे होते. मुलीने दोऱ्याच्या एका टोकाला टाचणी व दुसऱ्या टोकाला खडू बांधून जाड पुठ्ठ्यावर वर्तुळे काढली आणि ते पुठ्ठे कापडावर ठेवून आखून घेतले. गोल कड दुमडताना तिला सुरकुत्या पडू लागल्या. तेव्हा आजीने दुमडीच्या भागात थोड्या थोड्या अंतरावर बारीक चिरा दिल्या. मात्र चीर दुमडीच्या रेघेपर्यंत पोहोचू दिली नाही. कड आता अंगचीच गोल असल्यासारखी बसली. पांढरे वलय उठून दिसावे म्हणून पायाला हिरवा खण घेतला.

सर्वांत अवघड ठरला तो खो-खोचा चौकोन. पाठलाग करणाऱ्या संघातील आठ गडी मधल्या पट्ट्यात एकाआड एक विरुद्ध दिशांना तोंडे करून बसतात. त्यांच्यासाठी आठ त्रिकोण घ्यावेत आणि एकाचे टोक वर, तर दुसऱ्याचे खाली ठेवावे, असे ठरले. चार लहान चौकोन कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत तिरपे कापले की आठ त्रिकोण मिळतात. मुलीने ते कापले. पण तिरप्या कडेला हात लागताच ती लांबू लागली आणि त्रिकोण वेडेवाकडे दिसू लागले.

“हा उरेब काप,” आजीने सांगितले. उभ्या किंवा आडव्या दिशेने कापड ओढले, तर ते धागेच ओढ धरून ठेवतात. तिरपे ओढले, तर त्या दिशेने एकही धागा नसतो. विणीतील इवले चौकोन कलंडून लांबट होतात आणि कापड ताणले जाते. म्हणून उरेब कड कधी ओढू नये. ती प्रथम टाचण्यांनी बसवावी, कच्चे टाके घालावेत आणि मगच शिवावी. हाच गुण चेंडूच्या वेळी उपयोगी पडला. गोल चेंडूवर शिवण दाखविण्यासाठी तिने कापडाची बारीक उरेब पट्टी लावली. सरळ पट्टी कधी वळली नसती, ती सहज वळली.

तुकडे जोडून झाल्यावर खाली मांजरपाटाचे अस्तर, मधे धोतराचा थर आणि वर चित्रांचा थर असे तिन्ही थर पसरले. कडेपासून आरंभ करून आत आत येत धावदोरा घातला. रात्री कंदिलासारखा मंद दिवा लावून आजी टाके घाली आणि नात सुईत दोरा ओवून देई. आजीच्या बोटात अंगुस्तान असे. नातीची बोटे मात्र सुईने बरीच टोचली गेली.

१५ जानेवारीचा दिवस उजाडला. शाळेच्या पटांगणात मेज मांडले गेले. त्यावर मेजपट्टी अंथरून खाशाबांची तसबीर ठेवली आणि दोन्ही बाजूंना बक्षिसे मांडली. आलेले पाहुणे पट्टीजवळ वाकून वाकून पाहत होते. कोणी त्रिकोणांची तोंडे मोजली, कोणी चेंडूला हात लावून पाहिला. सांगलीच्या आजोळचा मुलगा तर प्रत्येकाला तो चेंडू आवर्जून दाखवीत होता.

समारंभ संपल्यावर आजी काठी टेकीत मेजाजवळ आली. तिने लाल वर्तुळावरून एकदा हात फिरविला. मग पदराआडून एक पुरचुंडी काढून तिने नातीच्या हातावर ठेवली. तीत वर्तुळ कापताना उरलेले चार लाल कोपरे आणि फेट्याची ती १८ सेंटिमीटरची पट्टी होती.

“हे जपून ठेव,” आजी म्हणाली. “पुढची वाकळ तू कापायची आहेस.”

स्वाध्याय

१. लाल तुकड्याचा चौकोन कापताना मुलीची कोणती चूक झाली? ती तिने कशी सुधारली?

२. “कात्री पुढे जाते, मागे येत नाही,” या आजीच्या बोलण्याचा अर्थ तुमच्या शब्दांत सांगा.

३. कारणे द्या : (अ) नवे मांजरपाट कापण्यापूर्वी भिजवावे. (आ) उरेब कड ओढू नये. (इ) वर्तुळाच्या दुमडीत चिरा द्याव्या.

४. खाशाबा जाधव यांच्या हकीकतीतील कोणती गोष्ट मुलीला त्या रात्री उपयोगी पडली?

५. याच मापांची, परंतु तीन चौकोन व चार उभ्या पट्ट्या असलेली मेजपट्टी किती लांब होईल? शिवणीची जागा न सोडता तुकडे कापले, तर ती किती आखूड होईल?

६. पुढील शब्दांचे अर्थ सांगून त्यांचा वाक्यांत उपयोग करा : जुनेर, दुपटे, ताणा, अस्तर, अंगुस्तान, पुरचुंडी.

७. तुमच्या घरी एखादी जुनी गोधडी किंवा वाकळ असल्यास तिच्यातील तुकडे कोणाच्या कपड्यांचे आहेत, हे वडील माणसांना विचारून दहा ओळींत लिहा.